समई कोठे आहे?

(चिंतनासाठी वाचन : लूक २१:५-६, प्रकटीकरण २:१-७, १ पेत्र २:४-५)



परदेशाची यात्रा ही आपल्या किनाऱ्यावर आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या वाडवडिलांची मोठी यात्रा म्हणजे जुने गोवे, आणि फार तर वेलांकनी. १९६१ पर्यंत जुने गोवे हाही परमुलूखच होता. बांद्यापलीकडे पत्रादेवी ओलांडली की पोर्तुगीजांचा अंमल सुरू व्हायचा. आज मुंबईत, आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारी मुले पैसे भरतात आणि आई-वडील गटाबरोबर रोम, असिसी, लूर्द, फातिमा पाहून येतात. ऑक्टोबर २०२३ पासून युद्धामुळे पवित्र भूमीच्या अनेक यात्रा रद्द झाल्या. त्यांतील काही गट तुर्कस्तानकडे वळले, संत पौल आणि संत योहान जेथे वावरले ती शहरे पाहू लागले. २०२५ हे तर ज्युबिली वर्षच होते. ६ जानेवारी २०२६ रोजी रोममधील संत पेत्र महामंदिराचे पवित्र द्वार बंद झाले, तोपर्यंत जगभरातून लक्षावधी यात्रेकरू त्या द्वारातून आत गेले.

या यात्रांना आमचा विरोध नाही. उलट, ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर जावे. मात्र यात्रेहून आलेली मंडळी भेटतात तेव्हा बहुतेकांच्या बोलण्यात एकच गोष्ट असते: किती मोठे खांब, किती उंच कमानी, किती जुने दगड! मार्गदर्शक हातात छत्री किंवा झेंडा उंच धरून पुढे चालतो, माणसे मोजतो, सन सांगतो, राजाचे नाव सांगतो, आणि अर्ध्या तासात फोटो काढून बसमध्ये या म्हणतो. त्याचे काम तो चोख करतो. परंतु त्या दगडांपुढे ख्रिस्ती माणसाने एक प्रश्न स्वतःच विचारायचा असतो. तो प्रश्न मार्गदर्शकाच्या माहितीपत्रकात नसतो. तो प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे: येथली समई कोठे गेली?

गालीलाहून आलेले पाहुणे

प्रभू येशूचे शिष्यही एकदा असेच पाहुणे होते. गालीलच्या सरोवरावरचे ते कोळी. आपल्या देवबागचा किंवा आचऱ्याचा रापणकार प्रथमच मोठ्या शहरात गेला तर जसा मान वर करून पाहत राहील, तसे ते यरुशलेमच्या मंदिराकडे पाहत होते. मंदिराचे सुंदर दगड आणि अर्पणाच्या वस्तू यांची वाखाणणी चालली होती. प्रभूने त्यांना सांगितले की, असे दिवस येतील जेव्हा यांतला दगडावर दगड राहणार नाही.

शिष्यांच्या कौतुकावर विरजण घालण्यासाठी प्रभू हे बोलला नाही. त्याचेही त्या मंदिरावर प्रेम होते. बालपणी तो तेथे रमला होता, आणि त्या नगरासाठी तो रडलाही होता. त्याला एवढेच दाखवायचे होते की, दगडाच्या मजबुतीवर देवाचे घर उभे राहत नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतसच्या सैन्याने ते मंदिर जमीनदोस्त केले. रोमला जाणाऱ्या आपल्या लोकांना कोलोसियमच्या जवळच तीतसची कमान दाखवतात. तिच्या आतल्या बाजूला कोरीव चित्र आहे: विजयी मिरवणूक निघाली आहे आणि सैनिकांच्या खांद्यावर यरुशलेमच्या मंदिरातील सात फाट्यांची समई आहे. फोटो सगळेच काढतात. पण देवापुढे तेवणारी समई खांद्यावरून वाहून नेताना पाहून क्षणभर थांबावेसे किती जणांना वाटते?

गाळ साचलेले बंदर

समई हलवली जाते, हा शब्द आपल्याला संत योहानाने दिला. पात्मोस बेटावर हद्दपार असताना त्याला दर्शन झाले: सोन्याच्या सात समया आणि त्यांच्यामधून फिरणारा प्रभू. त्या सात समया म्हणजे आशिया प्रांतातील सात ख्रिस्तसभा. पहिला निरोप इफिससला होता. तेथल्या लोकांचे श्रम, त्यांची सहनशीलता, खोट्या शिक्षकांना त्यांनी ओळखले ते, हे सारे प्रभू मान्य करतो. तक्रार एकच: पहिली प्रीती त्यांनी सोडली होती. पश्चात्ताप केला नाही तर समई तिच्या जागेवरून काढून टाकीन, असा इशारा त्याने दिला.

आज यात्रेकरू त्या इफिससमध्ये उतरतात. संगमरवरी रस्ता आहे. सुमारे २५ हजार माणसे बसतील असे नाट्यगृह आहे. चांदीचे देव्हारे बनवणाऱ्या देमेत्रियाने पौलाविरुद्ध लोकांना चिथावले तेव्हा गर्दी येथेच शिरली होती. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग आहे. ज्या आर्तेमिसच्या मंदिराची जगातील सात आश्चर्यांत गणना होत होती, त्याचा दलदलीत तुकडे जुळवून उभा केलेला एक खांब उरला आहे. ४३१ साली ज्या मंदिरात धर्मपरिषद भरली आणि पवित्र मरियेला देवमाता म्हणणे योग्य आहे असे ख्रिस्तसभेने ठासून सांगितले, त्या मंदिराच्याही भिंतीच तेवढ्या आहेत.

एवढे मोठे शहर ओस कसे पडले? हल्ले झाले, भूकंप झाले, हे खरे. परंतु मोठे कारण आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन समजेल असे आहे. इफिसस हे बंदर होते. तेथली नदी दरवर्षी गाळ आणत राहिली. लोकांनी पुन्हा पुन्हा गाळ काढला, तरी तो येतच राहिला. शेवटी बंदर बुजले, गलबते येईनाशी झाली, आणि आज समुद्र तेथून काही किलोमीटर दूर आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा कसा वाढत जातो हे तांडेलाला सांगावे लागत नाही. एका रात्रीत काहीच होत नाही. यंदा होडी जरा घासते, पुढच्या वर्षी भरतीची वाट पाहावी लागते, आणि मग कधीतरी ती जागा सोडावी लागते.

पहिली प्रीतीही अशीच बुजत जाते. घरातली संध्याकाळची रोझरी एक दिवस राहते, मग फक्त शनिवारी होते, मग कुणी वारले तरच. पापनिवेदन वर्षातून एकदा, आणि मग तेही लग्नापुरते. भावाभावांतला बांधाचा वाद पहिल्या वर्षी सलतो. दहाव्या वर्षी तो नाही असे वाटायलाच जमत नाही. ‘मी श्रद्धा सोडली’ असे कुणीच म्हणत नाही. गाळ साचतो, एवढेच.

कोमट पाणी

सातवा निरोप लावदिकीयाला. तेथे यात्रेकरूंना दगडी आणि भाजक्या मातीचे नळ दाखवतात. दूरच्या झऱ्यांचे पाणी या नळांतून शहरात येत असे. त्या पाण्यात क्षार इतके की नळांच्या आत दगडासारखा थर जमला आहे; काही नळांचे तोंड जवळजवळ बंदच झाले आहे. शेजारच्या हिरापोलिसला औषधी गरम झरे होते, कलस्सैला थंड पाणी होते. लावदिकीयाच्या नशिबी मात्र कोमट पाणी आले, असे अभ्यासक सांगतात. प्रभूने तेथल्या ख्रिस्तसभेला कोमट म्हटले, ते त्यांना किती झोंबले असेल!

राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या झऱ्यावर अंग शेकायला माणसे लांबून येतात. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण मडक्यातले गार पाणी देतो. गरम पाण्याचा उपयोग आहे, गार पाण्याचाही आहे. कोमट पाण्याने ना अंग शेकते, ना तहान भागते. लावदिकीया श्रीमंत शहर होते, पेढ्यांचे आणि कापडाच्या व्यापाराचे. आपल्याला काही कमी नाही, असे तेथल्या लोकांना वाटत होते. ज्याला काहीच कमी नाही असे वाटते, त्याला देवाकडे मागायलाही काही उरत नाही. कोमटपणाची सुरुवात तेथे होते. तरीही त्याच पत्रात प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो आहे, हे आपण विसरू नये. सर्वांत कडक शब्द ज्यांना ऐकवले, त्यांच्याच दाराशी तो उभा आहे.

पडलेला मनोरा, वाजणारी घंटा

इतक्या दूर जाणे सर्वांना परवडणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होते, तेव्हा आपल्या भागातूनही लोक जुन्या गोव्याला गेले. तेथे संत ऑगस्टिनचा पडका मनोरा आहे. एके काळी तेथे ऑगस्टिनियन मठवासीयांचे भव्य मंदिर आणि मठ होता. १८३५ मध्ये मठवासीयांना गोवा सोडावा लागला. देखभाल करणारे हात गेले, आणि १८४२ मध्ये मंदिराचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा काही भाग पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा उभा आहे.

याच अवशेषांत उत्खनन करताना जॉर्जियाची हुतात्मा राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये तिने इराणात श्रद्धेसाठी प्राण दिले. ऑगस्टिनियन मठवासीयांनी तिच्या अस्थी गोव्याला आणल्या होत्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांतील काही भाग जॉर्जियाला भेट दिला. केवळ पडके दगड समजून ज्यांच्याकडे आपण पाठ फिरवतो, त्यांच्या पोटात एका श्रद्धावंत स्त्रीची साक्ष जपलेली होती.

आणि त्या मनोऱ्यातील मोठी घंटा? ती आज पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरात आहे. पणजीत उंच पायऱ्यांचे ते पांढरे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. मनोरा पडला, पण घंटा अजून माणसांना प्रार्थनेला बोलावते आहे.

ज्यांच्या नावाचा तो मनोरा, त्या संत ऑगस्टिनना हे कळले होते. ४१० साली रोम लुटले गेले तेव्हा ख्रिस्ती लोकही हादरले. ऑगस्टिन यांनी आपल्या लोकांना प्रवचनात समजावले की, रोम म्हणजे तिथले दगड आणि लाकडे नव्हेत. रोम म्हणजे तिथली माणसे. पुढे ‘देवाचे नगर’ या मोठ्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, माणसे कशावर प्रेम करतात त्यावरून त्यांचे नगर ठरते. ४३० मध्ये हिप्पोला शत्रूचा वेढा पडलेला असताना त्यांचे निधन झाले. ते हिप्पोही आज अल्जीरियात अवशेषांच्या रूपात आहे. परंतु मे २०२५ मध्ये निवडले गेलेले आपले पोप लिओ चौदावे हे त्याच संत ऑगस्टिनच्या मठपरंपरेतले आहेत. हिप्पोची समई विझली म्हणावी, की तिच्यावर दुसऱ्या वाती पेटवल्या गेल्या म्हणावे?

वसईच्या किल्ल्यातही तसेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि पुढे किल्ल्यातली चर्चे ओस पडली. आज तेथे वेली चढलेल्या कमानी आहेत. पण किल्ल्याबाहेर, गावागावांत, वसईची ख्रिस्तसभा जिवंत आहे. तेथून किती धर्मगुरू आणि धर्मभगिनी महाराष्ट्रभर सेवेला गेल्या! आशिया प्रांतातील सात समयांपैकी स्मुर्णा, म्हणजे आजचे इझमीर, तेथेही लहानसा ख्रिस्ती समाज टिकून आहे. वृद्ध महागुरू संत पॉलिकार्प यांनी तेथेच हौतात्म्य पत्करले. त्यांच्या नावाचे मंदिर आज तेथे आहे. निसेया, म्हणजे आजचे इझनिक, येथे तळ्याच्या पाण्याखाली गेलेल्या एका प्राचीन महामंदिराचा पाया २०१४ मध्ये हवाई छायाचित्रांतून लक्षात आला. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी त्या काठावर इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांसह प्रार्थना केली; निसेयाच्या धर्मपरिषदेला १७०० वर्षे झाली होती. मंदिर पाण्याखाली गेले, पण ३२५ साली तेथे जो विश्वास मांडला गेला, तो आपण दर रविवारी मिस्सामध्ये उभे राहून म्हणतो.

किल्ला आणि वखार

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याच किनाऱ्यावर सतराव्या शतकातल्या दोन वास्तू आहेत. मालवणसमोर सिंधुदुर्ग. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. तट जागोजागी खचला असेल, पण आत आजही काही कुटुंबे राहतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा होते, दिवा लागतो. म्हणून तो किल्ला मेलेला वाटत नाही. दुसरी वास्तू वेंगुर्ल्याची डच वखार. डच व्यापाऱ्यांनी ती भक्कम बांधली होती. ते नफ्यासाठी आले होते. व्यापार आटोपला तशी माणसे गेली. आज पडक्या भिंतींत झाडांची मुळे शिरली आहेत. तेथे दिवा लावायला कुणी नाही.

आपले चर्च आपल्याला किल्ल्यासारखे आहे की वखारीसारखे? मुलाला शाळेत प्रवेश हवा, दाखला हवा, लग्नाची तारीख हवी, तेव्हा यायचे आणि काम झाले की जायचे, ही वखारीची रीत झाली. कठीण दिवसांतही आत राहून दिवा लावायचा, ही किल्ल्यातल्या कुटुंबांची रीत.

हा प्रश्न आपल्यापुढे आज खरोखर उभा आहे. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. आपली ख्रिस्तसभा संख्येने लहानच आहे. तरुण मुले नोकरीसाठी बाहेर आहेत. वाड्यांवर कुलूप लागलेली घरे वाढत आहेत. काही घरांत एकटी आई राहते आणि फोनची वाट पाहते. चर्चला नवा रंग दिला जातो, फेस्ताला रोषणाई होते, पण सोमवारी सकाळच्या मिस्साला किती जण असतात हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरीकडे, १९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि आता आपण स्वतःच दुसऱ्यांच्या सहलीतले यजमान आहोत. निवास-न्याहारी, बोटी, खानावळी यांवर कितीतरी घरांची चूल पेटते. हे कष्टाचे आणि मानाचे काम आहे. पण हंगामात रविवारीच पाहुण्यांची गर्दी, म्हणून ऑक्टोबर ते मे मिस्सा नाही, आणि पावसात रस्ता खराब म्हणून नाही, असे झाले तर वर्ष कधी संपते कळत नाही. जगभरची माणसे आपला समुद्र पाहायला येतात; एखाद्या दिवशी ती आपले चर्चही केवळ जुनी इमारत म्हणून पाहायला येतील का?

म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवतो.

हंगामात काम करणाऱ्या कुटुंबांनी आपसांत पाळी लावावी. एका रविवारी एकाने शेजाऱ्याच्याही पाहुण्यांची न्याहारी सांभाळावी, दुसऱ्या रविवारी दुसऱ्याने. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हेही लक्षात असू द्यावे. ज्या वाडीत कुलूपबंद घरे आहेत, तेथे उरलेल्यांनी आठवड्यातून एकदा खुरसाजवळ जमून रोझरी म्हणावी. चार माणसे असली तरी पुरे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे मुलांना पाठवावे. सणाला गावी येणाऱ्यांनी घराबरोबर घरातल्या वेदीवरची धूळही झाडावी आणि मुलांना आजीच्या तोंडची प्रार्थना शिकवावी.

जे यात्रेला जातील त्यांनी निघण्यापूर्वी ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचावे. सतराव्या अध्यायात पौल अथेन्समध्ये फिरताना दिसतो. त्याने शहर नीट पाहिले, तेथल्या लोकांच्या वेद्या पाहिल्या, आणि अज्ञात देवाला वाहिलेल्या वेदीवरूनच बोलायला सुरुवात केली. पाहावे तर असे. प्रत्येक अवशेषापाशी एकदा तरी ‘हे आमच्या बापा’ म्हणावे. त्या जागी कधीकाळी ते म्हणणारी माणसे होती. एका तरी ठिकाणी तेथल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांबरोबर मिस्साला बसावे, ते दहाच असले तरी. यात्रेसाठी कर्ज काढू नये, सोने गहाण ठेवू नये. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी खंत करू नये. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंतची वाटही यात्राच आहे, आणि तेथे प्रभू नक्की भेटतो.

संत पेत्र आपल्याला जिवंत दगड म्हणतो. दगडी मंदिर पडायला कधी कधी शेकडो वर्षे लागतात. माणसांचे मंदिर एका पिढीच्या उदासीनतेनेही रिकामे होते. पण तेच मंदिर एका घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेने पुन्हा उभे राहू लागते. इफिससच्या लोकांना प्रभूने परतीची वाट सांगितली होती: कोठून घसरलो ते आठवावे, मन वळवावे आणि पहिल्याने जे करत होतो ते पुन्हा करावे. ती वाट आपल्यासाठी अजून मोकळी आहे.

प्रभू येशू ख्रिस्ता, तू समयांमधून फिरणारा आहेस. आमच्या किनाऱ्यावरची समई तिच्या जागी राहू दे. तेल कमी झाले असेल तर घाल, काजळी धरली असेल तर झाड. दूर देशी असलेल्या आमच्या मुलांना आणि घरी वाट पाहणाऱ्या आई-वडिलांना एकाच प्रकाशात ठेव. आमेन.